सिरिंजमधली गुठळी

अँजिओग्राफी हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. कुणाच्या काकांच्या छातीत दुखते, डॉक्टर अँजिओग्राफी सांगतात, मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून 'डाय' सोडतात, आणि हृदयाच्या रोहिण्या पडद्यावर काळ्या फांद्यांसारख्या दिसू लागतात. मागे शिक्षकांच्या एका शिबिरात याच विषयावर बोलत असताना एका बाईंनी मला विचारले, "सर, जखम झाली, रक्ताला बाहेरची हवा लागली की ते गोठतं असं आम्ही मुलांना शिकवतो. मग नळी आणि औषध थेट रक्तात घातल्यावर रक्त गोठत कसं नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. जगभरच्या क्ष-किरणतज्ज्ञांना आणि हृदयतज्ज्ञांना हाच प्रश्न १९८७ सालानंतर काही वर्षे छळत होता. त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले, आणि शोधताना आधी कुठे चुकले, याची ही हकीकत आहे.

रक्तवाहिन्या दिसाव्यात कशा?

'डाय' म्हणजे रंग. पण हे द्रव्य रंग नव्हे. पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे, थोडे चिकट असे ते द्रावण असते. त्याचे काम एवढेच, की क्ष-किरण अडवायचे. रक्त आणि आजूबाजूचे स्नायू क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, त्यामुळे साध्या फोटोत रक्तवाहिनी वेगळी उठून दिसत नाही. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आहे, म्हणून हाड दिसते. रक्तवाहिनी दिसायला हवी असेल तर तिच्यात जड अणूंचे काहीतरी भरले पाहिजे.

राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरात लावला आणि जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी हा प्रयोग करून पाहिला. शवाच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत त्यांनी चुना आणि पाऱ्याचे संयुग असलेले मिश्रण भरले आणि फोटो काढला. त्याला जवळजवळ तासभर लागला. रक्तवाहिन्यांचे जाळे सुरेख दिसले. मात्र हे मिश्रण जिवंत माणसाला देणे अशक्य होते.

उपयोगी मूलद्रव्य ओघानेच सापडले. त्या काळी उपदंशाच्या रुग्णांना सोडियम आयोडाइड देत असत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ऑस्बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की अशा रुग्णांचे मूत्राशय क्ष-किरण फोटोत दिसते. ही गोष्ट १९२३ ची. आयोडीनचा अणुक्रमांक ५३. तेव्हापासून आजपर्यंत रक्तवाहिन्यांच्या फोटोसाठी मुख्यतः आयोडीनच वापरात आहे. बदलत गेले ते फक्त त्याला वाहून नेणारे रेणू.

रक्तवाहिनी म्हणजे नळ नव्हे

पोर्तुगालमधील लिस्बनचे मेंदूतज्ज्ञ एगाश मोनिश यांना मेंदूतील गाठी शोधायच्या होत्या. गाठीमुळे रोहिण्या बाजूला सरकतात. म्हणजे रोहिण्या दिसल्या तर गाठीचा पत्ता लागेल, असा त्यांचा साधा तर्क होता. त्यांनी प्रथम स्ट्राँशियम ब्रोमाइडचे तीव्र द्रावण वापरले. त्यात एक रुग्ण दगावला, आणि मेंदूच्या रोहिणीत झालेली रक्ताची गुठळी हे त्याचे कारण मानले गेले. मग ते सोडियम आयोडाइडकडे वळले आणि २८ जून १९२७ रोजी त्यांना जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्यांचा पहिला चांगला फोटो मिळाला.

म्हणजे रक्तात सोडलेले द्रव्य आणि रक्ताची गुठळी यांचा संबंध या तंत्राच्या जन्मापासूनच आहे. नळात आपण कोणतेही पाणी सोडले तरी नळाला त्याचे काही वाटत नाही. रक्तवाहिनीचे तसे नसते. तिला आतून पेशींचे नाजूक अस्तर असते. ते दुखावले की तिथे रक्त साकळू लागते.

त्या काळात एक द्रव्य रुग्णांना अजिबात त्रास देत नसे: थोरियम डायऑक्साइडचे कलिल, म्हणजेच 'थोरोट्रास्ट'. फोटो उत्तम, दुखणे नाही, उलटी नाही. पण थोरियम किरणोत्सारी असते आणि शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात आणि प्लीहेत साठून राहिले आणि पुढे कित्येक वर्षांनी त्या रुग्णांना यकृताचे कर्करोग झाले. टोचताना त्रास होत नाही म्हणून द्रव्य निर्धोक आहे असे समजू नये, हा धडा वैद्यकाला फार महागात मिळाला.

अल्मेन यांचे डोळे आणि समुद्राचे पाणी

१९५० च्या दशकात आयोडीनची नवी संयुगे आली. बेंझीनच्या एका कड्याला आयोडीनचे तीन अणू जोडायचे, एक आम्लगट ठेवायचा आणि त्याचे सोडियमसारखे क्षार बनवायचे. यांतील सर्वांत प्रसिद्ध संयुग म्हणजे डायाट्रिझोएट. त्यावर जवळजवळ तीस वर्षे जगभरची अँजिओग्राफी चालली.

त्याचा दोष एकच, पण मोठा होता. टोचताच आग आग व्हायची. पायाच्या रोहिणीत सोडले तर रुग्ण वेदनेने कळवळायचा.

स्वीडनमधील माल्मो येथील तरुण क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टेन अल्मेन यांनी याचे कारण शोधले. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाऱ्या समुद्रात डोळे उघडे ठेवून पोहले की डोळे चुरचुरतात, पण पूर्वेकडच्या बाल्टिक समुद्रात, जिथे क्षार कमी आहेत, तसे होत नाही, हा त्यांचा अनुभव होता. म्हणजे दोष आयोडीनचा नसून द्रावणातल्या कणांच्या संख्येचा असावा. हे परासरण आपण आठवीनववीच्या मुलांना बेदाणे पाण्यात टाकून दाखवतो. रक्ताचे परासरणमान किलोग्रॅमला सुमारे २९० मिलिऑस्मोल असते. डायाट्रिझोएटच्या नेहमीच्या द्रावणांचे असायचे १५०० किंवा त्याहून जास्त. असे द्रावण पेशींतले पाणी ओढून घेणारच.

आता थोडे अंकगणित करू. डायाट्रिझोएट हा क्षार आहे. पाण्यात त्याचे दोन आयन होतात: एक आयोडीनवाहक ऋण आयन आणि दुसरा सोडियमसारखा धन आयन. म्हणजे आयोडीनच्या ३ अणूंसाठी २ कण. दुसरा कण फुकटचा. तो फोटोत काहीच भर घालत नाही, फक्त परासरण वाढवतो. अल्मेन म्हणाले, आयन होऊच न देणारा रेणू बनवा. आम्लगटाच्या जागी साखरेसारखे हायड्रॉक्सिल गट असलेले शेपूट लावा, म्हणजे तो न फुटताही पाण्यात विरघळेल. मग ३ अणूंसाठी १ कण पुरेल. दोन कडी जोडून जुळा रेणू केला तर ६ अणूंसाठी १ कण.

ही कल्पना त्यांनी १९६९ साली मांडली. नॉर्वेतील ऑस्लोच्या नायगार्ड कंपनीने ती प्रत्यक्षात आणली. आधी मेट्रिझामाइड आले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोहेक्सॉल. त्याच सुमारास इटलीतून आयोपामिडॉल आले. यांचे परासरणमान जुन्या द्रव्यांच्या निम्म्याहून कमी होते. आग थांबली. उलट्या, अंगावर पित्त उठणे, श्वास कोंडणे हे प्रकारही कमी झाले. जपानमध्ये ३,३७,६४७ रुग्णांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली, तीत जुन्या आयनी द्रव्यांमुळे १२.६६ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला होता, तर नव्या आयनरहित द्रव्यांमुळे ३.१३ टक्के रुग्णांना.

नवी द्रव्ये कित्येक पटींनी महाग होती, एवढीच काय ती तक्रार. असे वाटत असतानाच ती सिरिंज पुढे आली.

१९८७: सिरिंजमध्ये काय दिसले?

त्या वर्षी 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात रॉबर्टसन यांची एक छोटी नोंद आली. अँजिओग्राफी करताना नळीतून थोडे रक्त मागे सिरिंजमध्ये येते आणि द्रव्यात मिसळते. आयनरहित द्रव्य भरलेल्या सिरिंजमध्ये अशा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या त्यांना आढळल्या. जुने द्रव्य वापरताना हे सहसा दिसत नसे.

यातला धोका सांगायला नको. सिरिंजमधली गुठळी चुकून पुढे ढकलली गेली तर ती सरळ हृदयाच्या किंवा मेंदूच्या रोहिणीत जाईल. हृदयतज्ज्ञ तर आणखी काळजीत पडले. झुरिकमध्ये ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली फुगा घालून हृदयाची अरुंद झालेली रोहिणी रुंद केली होती आणि ही शस्त्रक्रिया आता सर्वत्र होऊ लागली होती. फुग्याने रोहिणीचे अस्तर फाटते; तिथे गुठळी व्हायला रक्त टपलेलेच असते. त्यात हे नवे द्रव्य रक्त गोठवणारे निघाले तर? गुठळ्या झालेल्या रुग्णांच्या हकिकती लवकरच छापून येऊ लागल्या. 'नवी द्रव्ये रक्त गोठवतात' असे परिषदांमधून बोलले जाऊ लागले.

काच, रक्त आणि जॉन हेगमन

पुढे जाण्याआधी रक्त सिरिंजमध्ये गोठते का, ते पाहू. जोसेफ लिस्टर यांनी १८६३ सालीच दाखवले होते, की रक्तवाहिनीच्या आत राहिलेले रक्त बराच वेळ पातळ राहते. ते गोठते ते परक्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने. म्हणजे 'हवा लागली की रक्त गोठते' हे आपले वर्गातले वाक्य थोडे दुरुस्त करायला हवे. हवेचा दोष फारसा नाही. रक्तवाहिनीच्या अस्तराबाहेरचे जग हेच कारण.

काचेच्या स्पर्शाने नेमके काय सुरू होते, ते कळले एका रेल्वे कर्मचाऱ्यामुळे. अमेरिकेत जॉन हेगमन नावाच्या गृहस्थांची शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी झाली. काचेच्या परीक्षानळीत त्यांचे रक्त गोठायला फार वेळ लागत होता. गंमत म्हणजे त्यांना आयुष्यात रक्तस्रावाचा त्रास कधीच झाला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी १९५५ साली दाखवले, की त्यांच्या रक्तात एक प्रथिन नाही. त्यालाच आज बारावा घटक किंवा हेगमन घटक म्हणतात. काचेला चिकटून जागा होणारा, आणि पुढच्या घटकांना एकामागून एक जागे करणारा हाच तो घटक. साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन तयार होते, ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन बनवते, आणि फायब्रिनच्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते. याच हेगमन यांचा मृत्यू १९६८ साली अपघातानंतर फुप्फुसात गेलेल्या रक्ताच्या गुठळीने झाला! नळीतले रक्त आणि शरीरातले रक्त सारखे वागतेच असे नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही.

तुलना कशाशी?

सिरिंजमधल्या गुठळीची चौकशी नॉर्वेत स्टॉर्मोर्केन, इंग्लंडमध्ये डॉसन आणि अमेरिकेत इतर गट करत होते. त्यांच्या कामातून जी गोष्ट बाहेर आली, ती मला या साऱ्या कथेचा गाभा वाटते.

समजा, तीन नळ्या घेतल्या. पहिलीत रक्त आणि जुने आयनी द्रव्य, दुसरीत रक्त आणि नवे आयनरहित द्रव्य. दुसरी नळी आधी गोठते. एवढेच पाहिले तर 'नवे द्रव्य रक्त गोठवते' असे वाटते. पण तिसऱ्या नळीत रक्त आणि तेवढेच साधे सलाइन घाला. ही नळी सगळ्यांच्या आधी गोठते!

म्हणजे दोन्ही द्रव्ये रक्त गोठायला विरोधच करतात. जुने खूप करते, नवे थोडे. जुन्या आयनी द्रव्यामुळे थ्रॉम्बिन तयार होण्यात आणि फायब्रिनचे सुटे रेणू जुळून धागे होण्यात चांगलाच अडथळा येतो. नव्या रेणूमुळे कमी. शेतावर दोन राखणदार आहेत. एक रात्रभर जागतो, दुसरा पेंगतो. दुसऱ्याच्या शेतात चोरी जास्त झाली म्हणून त्याला चोर म्हणता येत नाही. मात्र त्याच्या भरवशावर शेत सोडूनही चालत नाही.

गेली तीस वर्षे आपल्या हातातले द्रव्य गुपचूप रक्त पातळही ठेवत होते, हे फारसे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याचा त्रास सगळ्यांना माहीत होता, उपकार फार थोड्यांना. तो राखणदार गेल्यावरच तो होता हे कळले.

एवढ्यावर भागत नाही

इथे कथा संपली असती तर छान झाले असते. पण रक्त इतके सरळ नाही. गोठण्यात फायब्रिनइतकाच बिंबाणूंचा, म्हणजे प्लेटलेटचा वाटा असतो. लंडनमधील क्रोनॉस आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले, की काही आयनरहित द्रव्यांमुळे बिंबाणू उत्तेजित होऊन आतले कण बाहेर टाकतात. आयॉक्सॅग्लेट या आयनी जुळ्या रेणूमुळे असे होत नाही. म्हणजे 'चोर मुळीच नाही' असेही छातीठोकपणे म्हणणे कठीण झाले.

आणि उलट बाजूचा पुरावा तर आधीपासूनच होता. पायाच्या नीलांचा फोटो काढल्यानंतर काही रुग्णांच्या नीलांत नव्या गुठळ्या होतात, असे स्वीडनमधील आल्ब्रेख्तसन आणि उल्सन यांनी १९७६ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. ते द्रव्य जुने आयनीच होते! तीव्र द्रावण नीलेत रेंगाळून अस्तराला इजा करते आणि तिथे रक्त साकळते. सौम्य द्रव्याने हा प्रकार कमी होतो. जे द्रव्य सिरिंजमध्ये गुठळी होऊ देत नाही, तेच नीलेत गुठळीला कारण होते. कुठे, किती वेळ, किती प्रमाणात आणि कुणाच्या सहवासात, यावर उत्तर बदलते.

रुग्णांनी दिलेले उत्तर

शेवटी प्रश्न प्रयोगशाळेचा नव्हता, रुग्णाचा होता. अमेरिकेत आयनरहित द्रव्य वापरून हृदयतपासणी केलेल्या ८,५१७ रुग्णांचा आढावा १९९० साली छापून आला. गुठळीचे उपद्रव हजारी दोनांहूनही कमी होते. फुग्याच्या शस्त्रक्रियेत दोन्ही प्रकारच्या द्रव्यांची तुलना पुढे दहा वर्षे चालली. १९९६ च्या एका छोट्या चाचणीत आयनी आयॉक्सॅग्लेट सरस ठरले. १९९९ साली दोन हजार रुग्णांच्या जर्मन चाचणीत दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. २००० साली एका चाचणीत आयोडिक्सॅनॉल हे जुळे आयनरहित द्रव्य आयॉक्सॅग्लेटपेक्षा चांगले ठरले, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत लक्षणीय फरक दिसला नाही. तोवर स्टेंट आणि बिंबाणूंना आवरणारी चांगली औषधेही आली होती. द्रव्याचा परिणाम असलाच तरी तो या औषधांच्या तुलनेत लहान आहे, असे साधारण मत झाले. आज रक्तवाहिन्यांत देण्यासाठी जवळजवळ सर्वत्र आयनरहित द्रव्येच वापरतात.

मग बदलले काय? हाताच्या सवयी. सिरिंजमध्ये रक्त येऊ द्यायचे नाही. आले तर ती सिरिंज टाकून द्यायची. नळी हेपॅरिन मिसळलेल्या सलाइनने वरचेवर धुवायची. काचेच्या सिरिंजऐवजी प्लास्टिकची वापरायची. तिने गुठळीची शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही. या द्रव्यांच्या माहितीपत्रकांत आजही हा इशारा छापलेला असतो. शिबिरातल्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे: रक्त वाहते असते, द्रव्य क्षणभरात पातळ होऊन पुढे जाते, ते स्वतः गोठण्याला थोडाफार विरोध करते, आणि तिथे उभी असलेली नर्स नळी वेळेवर धुते.

वर्गात काय करता येईल?

रक्त वापरून काहीही करायचे नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण दोन गोष्टी जरूर करता येतील. पहिली, कणांचे गणित: आयोडीनच्या ६०० अणूंसाठी चारही प्रकारच्या द्रव्यांचे किती कण लागतील, ते मुलांना काढायला सांगा. आयनी साधा रेणू, आयनरहित साधा रेणू, आयनी जुळा रेणू आणि आयनरहित जुळा रेणू. उत्तरे अनुक्रमे ४००, २००, २०० आणि १०० येतील. रसायनशास्त्राची एवढी मोठी सुधारणा पाढ्यांइतक्या सोप्या हिशोबात बसते, याचे मुलांना नवल वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कापलेल्या सफरचंदाच्या दोन फोडी घ्या. एकीला भरपूर लिंबाचा रस लावा, दुसरीला अगदी पाणीदार केलेला रस. थोड्या वेळाने दुसरी फोड जास्त काळी दिसेल. मुलांना विचारा, "पाणीदार रसाने सफरचंद काळे पडते का?" काही मुले 'हो' म्हणतील. मग काहीच न लावलेली, झाकून ठेवलेली तिसरी फोड बाहेर काढा.

तिसरी फोड सुरुवातीपासून टेबलावर का नव्हती, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असे समजा.